पखवाजाचा डावा हात आणि उलटी वायर

हल्ली कुणी मला नवे स्पीकर दाखवायला नेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "बास कसा वाटतोय?" खिडकीची तावदानं थरथरली की बास उत्तम, असा एकूण समज झालेला आहे. लग्नाच्या वरातीत तर भिंतीएवढ्या पेट्या रचतात आणि म्हाताऱ्या माणसांच्या छातीत धडधड झाली की पोरं खूश होतात. मला याचा संताप येतो. घरचे म्हणतात, वय झालं तुमचं. वयाचा संबंध नाही. खालचा सूर ही चैनीची वस्तू आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो सूर नीट ऐकू न आल्यामुळं एका माणसाला गुन्हेगार ठरवलेलं पाहिलेलं नाही. मी पाहिलंय. नुसतं पाहिलं नाही, त्या पापात दोन वायरी माझ्या हातच्या होत्या.

आमच्या घरात माझ्याआधी मॅट्रिकच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. मी सांगलीत राहून फिजिक्स घेऊन बी. एस्सी. झालो, तेव्हा वडील पलूसच्या बाजारात ओळख नसलेल्या माणसालाही थांबवून सांगायचे. आता पोरगा फौजदार होणार, निदान मास्तर तरी, असं सगळ्यांनी धरून ठेवलेलं. आणि मी सांगलीतच, विश्रामबागेत एका ध्वनिमुद्रणाच्या खोलीत वायरी जोडायला लागलो. "बीएस्सी होऊन रेडिओ दुरुस्त करतोय व्हय?" हे आईला येऊन विचारण्यात गावातल्या चार बायकांचं आयुष्य सुखात गेलं.

सत्तरच्या दशकातली ती खोली. मालकांना सगळे अण्णा म्हणायचे. अण्णांना गाण्याची आवड होती आणि यंत्रांची त्याहून जास्त. भिंतींना गोणपाट, त्यावर जुन्या गाद्या ठोकलेल्या. पंख्याचा आवाज टेपवर येतो म्हणून पंखा नाही. उन्हाळ्यात गायक आत जायचा आणि घामानं आंघोळ करून बाहेर यायचा. शेजारच्या बारक्या खोलीत मोठं टेपरेकॉर्डर, बटणांचं टेबल आणि दोन छोट्या पेट्यांतले स्पीकर. या स्पीकरना मॉनिटर म्हणतात. ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मॉनिटर हा ध्वनिमुद्रण करणाऱ्याचा आरसा. टेपवर काय जातंय ते त्याला या पेट्याच सांगतात. पेटीनं एखादा सूर दाखवला नाही तर त्याच्या दृष्टीनं तो सूर नाहीच. आता आरसा कमरेपर्यंतच असेल तर माणूस टोपी, कोट, मिशा सगळं झकास आवरून बाहेर पडेल. धोतर सुटलंय हे त्याला रस्त्यावरचे लोक सांगतील.

आमचा आरसा कमरेपर्यंतच होता.

मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीनं साताऱ्याकडच्या एका भजनी बुवांची चार भजनं आमच्याकडं मुद्रित करायला सांगितली. अण्णा आठ दिवस जमिनीवर नव्हते. बुवांच्या साथीला पखवाजावर मलकापूरचे एक हवालदार आले. कऱ्हाडशेजारचं मलकापूर. लष्करातून पेन्शनीत निघालेले, ऊसशेती करणारे, आणि लहानपणापासून भजनात पखवाज. लढाईबद्दल विचारलं तर "व्हय, हुतो" एवढंच म्हणायचे. पखवाजाबद्दल विचारलं तर चहा गार व्हायचा. तळहात असे की नांगर धरतो हा माणूस हे लांबून कळावं. आणि तेच हात पखवाजावर पडले की लोण्यात बोट फिरवल्यासारखे.

पखवाजाला दोन तोंडं. उजवं शाईचं, तिथले बोल टणक, स्वच्छ. डाव्या तोंडावर वाजवण्याआधी ओली कणीक थापतात, आणि त्यातून तो खोल घुमारा निघतो. कणीक किती, हे ज्याच्या त्याच्या कानावर. हवालदार घरच्या गव्हाचं पीठ फडक्यात बांधून आणायचे. आमच्या नळाचं पाणी आधी चाखून बघितलं आणि मग पीठ मळायला घेतलं.

मुद्रण सुरू झालं. अण्णा बटणांवर, मी टेपवर. दोन ओळी झाल्या आणि अण्णांनी हात वर केला.

"हवालदार, डावा हात ऐकू येत नाही हो."

हवालदारांनी आतून काचेकडं पाहिलं. "येत न्हाई? हितं तर माज्या मांडीला झिणझिण्या येत्यात."

"इथं नाही पोचत. वाढवा थोडा."

त्यांनी वाढवला. पुन्हा तेच. त्यांनी कणीक वाढवली. अण्णांनी बटण वाढवलं. पुन्हा कणीक, पुन्हा बटण. चौथ्या भजनापर्यंत हवालदारांचा डावा तळवा लाल झाला होता आणि कणीक भाकरीएवढी. बुवा म्हणाले, "आता भाजून खायची तेवढी राहिली." सगळे हसले. मीही हसलो. खालचा सूर त्या आठ इंची स्पीकरच्या आवाक्यातच नाही, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. पण पुस्तकातलं आणि पोटापाण्याचं ही दोन वेगळी खाती असतात अशी माझी तेव्हा समजूत होती.

टेप मुंबईला गेली. पंधरवड्यानं कंपनीचं पत्र आलं. गायन उत्तम, पखवाज गढूळ. वादकाचा डावा हात जड आहे, वादक बदलावा. निवाडा करायला आमचा माणूस येतोय, तो ऐकेल आणि ठरवेल.

डावा हात जड! ज्या हाताला आम्ही चार तास "वाढव, वाढव" म्हणत होतो, तो जड! त्यांच्या मोठ्या स्पीकरांवर तो सगळा घुमारा ढगासारखा कोसळला असणार, कारण आम्ही आंधळेपणानं तो तिप्पट भरला होता. चूक आमच्या आरशाची आणि शिक्षा हवालदारांना. मी पत्र अण्णांसमोर टेबलावर आपटलं.

"अण्णा, हे त्यांच्या हातामुळं नाही. आपल्या पेट्यांमुळं आहे."

"मग पेट्या बदल," अण्णा शांतपणे म्हणाले. "पण कंपनीचा माणूस यायच्या आत. आणि हे बाहेर बोलायचं नाही."

एका बंद पडलेल्या टुरिंग टॉकीजचा पंधरा इंची स्पीकर आम्हाला मिळाला. परातीएवढा. त्याच्यासाठी मी जाड फळ्यांची, गुडघ्याच्या वर येईल एवढी पेटी करवून घेतली. अण्णांनी घाईनं ती छोट्या पेट्यांच्याच वायरींना जोडली, मध्ये एक कंडेन्सर, पंख्याला असतो तसला डबा, टाकला आणि म्हणाले, "झालं!" काय झालं होतं? चिखल झाला होता. बुवांचा आवाज छोट्या पेट्यांतूनही यायचा आणि मोठ्या पेटीतूनही, जणू एक बुवा समोर आणि दुसरे विहिरीत.

यावरचा उपाय म्हणजे क्रॉसओव्हर. तो काय असतो, हे आमच्या भागातल्या माणसाला समजावणं सोपं आहे. ऊस भिजवताना एक माणूस दारं धरतो. पाटाचं पाणी आलं की एका वाफ्याचं दार उघडायचं, दुसऱ्याचं बुजवायचं. क्रॉसओव्हर म्हणजे सुरांचं दारं धरणारा. खालचे सूर मोठ्या पेटीकडं, बाकीचे छोट्यांकडं. अण्णांचा एकटा कंडेन्सर म्हणजे आळशी गडी. मातीचं एक ढेकूळ टाकून झाडाखाली बसणारा. पाणी दोन्हीकडं. मला दार घट्ट बुजवायचं होतं. त्यासाठी दोन्ही वाटांवर तांब्याच्या तारेचं एकेक वेटोळं आणि एकेक कंडेन्सर लागणार होता, आणि सूर इतका खालचा की दोन्ही वस्तू भल्या मोठ्या. बाजारात मिळणं शक्य नव्हतं. मी पलूसच्या बापू मिस्त्रीकडं गेलो. बापू विहिरीवरच्या जळालेल्या मोटरींत नवी तार भरून द्यायचा.

"किती हॉर्सपॉवरची हाय?" बापूनं विचारलं.

"मोटर नाही बापू. नुसतं वेटोळं पाहिजे. जाड तारेचं. मी आकडे लिहून आणलेत."

बापूनं कागद उलटासुलटा केला. "मंग ह्यात फिरणार काय?"

"काही फिरणार नाही."

"फिरणार न्हाई, आन तांब्याची तार एवडी? गड्या, घरात सांगितलंयस का?"

पण त्यानं वेटोळी अशी भरून दिली की एक तार दुसरीवर चढलेली दिसणार नाही. कंडेन्सर म्हणून मोटरचेच मोठे डबे घेतले, तीन-तीन एकत्र बांधले. सगळं एका फळीवर बसवलं. लाल वायर लालला, काळी काळ्याला. सरळ, सुबक, कॉलेजच्या वहीत काढल्यासारखं. मला स्वतःचा एवढा अभिमान वाटला होता की ती फळी मी पेटीच्या आत न ठेवता वर, दिसेल अशी ठेवली.

कंपनीचे साहेब दुपारच्या गाडीनं आले. त्यांनी आधी फळीकडं पाहिलं. "हे काय? पंपहाऊस?" अण्णा हसले. मालक हसले की नोकराला हसावं लागतं, पण मी हसलो नाही. बुवा आणि हवालदार आत बसले. हवालदारांनी या वेळी कणीक त्यांच्या मनासारखी, बेताची लावली होती. मीच त्यांना सांगितलं होतं, आता कुणी वाढवा म्हणणार नाही. एक भजन टेपवर घेतलं, मग सगळे बटणांच्या खोलीत आले आणि मी टेप लावली.

टाळ स्वच्छ. बुवांचा आवाज कधी नव्हे इतका मोकळा. विहिरीतले बुवा नाहीसे झाले. आणि पखवाजाचा डावा हात? अगदी तळाशी काहीतरी धप् व्हायचं, वर कातड्याची टपटप यायची, आणि मधला घुमारा, ज्याच्यासाठी पखवाज पखवाज असतो, तो गायब. भांड्याचं बूड आहे, काठ आहे, पोट नाही.



साहेबांनी सिगारेट विझवली. "बघा अण्णासाहेब. तेव्हा गढूळ, आता पोकळ. म्हणजे हातावर ताबा नाही. गावच्या भजनात खपतं हे सगळं. रेकॉर्डला नाही चालत. मी आधीच कळवलं होतं."

मी बुवांकडं पाहिलं. हवालदार पेन्शनीत आल्यापासून ज्या हातावर या माणसाचं भजन उभं राहिलं, त्या हाताबद्दल हे चाललं होतं आणि बुवा सतरंजीचे दोरे मोजत होते. त्यांची रेकॉर्ड निघायची होती ना!

हवालदार मात्र उठले. साहेबांकडं पाहिलंसुद्धा नाही. मोठ्या पेटीसमोर जाऊन त्यांनी गुडघे टेकले.

"बीएस्सी, टेप पुन्यांदा लाव. आन ह्या बारक्या दोगींला गप कर जरा."

मी छोट्या पेट्यांच्या वायरी काढल्या. मोठीतून घुमारा आला. दबका, पण आला.

"आता हिला गप कर. बारक्या चालू."

छोट्यांतूनही आला. क्षीण, पण होता.

"आता समद्या."

सगळ्या जोडल्या. गेला! कुणीतरी पुसून टाकल्यासारखा.

हवालदार मांड्यांवर हात टेकून उठले. "एकटी हाय तवा बोलतीया, दुसरीबी एकटी हाय तवा बोलतीया. दोगी मिळाल्या की गप. आरं गड्या, तुजी मोटर उलटी फिरतीया."

"काय?"

"हिरीवरची मोटर जोडली, आवाज येतुय, पर पानी येत न्हाई, तवा काय करतुस? शेतकऱ्याचा पोर ना तू?"

आमच्या भागात हे पाच वर्षांच्या मुलालाही ठाऊक असतं. मोटर उलटी फिरली की दोन वायरींची अदलाबदल करायची. मी म्हणालो, "हवालदार, ही मोटर नाही. लाल लालला, काळी काळ्यालाच जोडायची असते. नियम आहे."

"नियम ऱ्हाऊ दे. दोन वायरी बदल."

साहेब हसले. "करा, करा. करमणूक तरी होईल."

मी मोठ्या पेटीच्या दोन वायरी उलट्या लावल्या. टेप सुरू केली.

त्या खोलीत पखवाज येऊन बसला. दुसरे शब्द माझ्याकडं नाहीत. गोल, भरलेला, प्रत्येक बोल सुटा. डावा हात जिथं हलका पडला तिथं हलका, जिथं दाबून ओढला तिथं मांजरानं आळस द्यावा तसा लांबलेला. अण्णांचं तोंड उघडंच राहिलं. साहेबांनी दुसरी सिगारेट काढली आणि पेटवायला विसरले.

यामागचं शास्त्र मला त्या रात्री वही काढून बसल्यावर कळलं. वेटोळं सुराला मागं ओढतं, कंडेन्सर पुढं ढकलतो. दोन्ही वाटांवर अशी दुहेरी दारं बसवली की जिथं एक वाट संपते आणि दुसरी सुरू होते, नेमक्या त्या सुराला एक स्पीकर पुढं येतो तेव्हा दुसरा मागं जातो. एकानं ढकललेली हवा दुसरा ओढून घेतो आणि सूर तिथंच मरतो. मोठी करवत दोघं चालवतात. एकानं ओढायची, दुसऱ्यानं सोडायची. दोघांनी एकदम ओढली तर दोघांना घाम येईल आणि लाकूड जागच्या जागी राहील. पखवाजाचा घुमारा नेमका त्या सांध्यावर येत होता. एक वायर उलटी करणं हाच नियम होता, आणि तो मला ठाऊक नव्हता. नुसत्या कंडेन्सरच्या आळशी गड्यानं फक्त चिखल केला होता. माझ्या शिकलेल्या, सुबक, सरळ वायरींनी त्या माणसाचा हातच नाहीसा केला.

पण राग येतो तो पुढच्यासाठी. मला वाटलं, आता साहेब उठतील आणि हवालदारांचा हात हातात घेतील. साहेब म्हणाले, "साउंड आता ठीक आहे. पण वादकाचं वरूनच ठरलंय. पुढच्या आठवड्यात आमचा पखवाजवाला येईल."

"साहेब, आत्ता ऐकलंत ना तुम्ही?" मी ओरडलोच. "चूक यांची नव्हती! आधी आमच्या पेट्यांची होती, आज माझी होती!"

"तू कोण?"

"बी. एस्सी." मी म्हणालो. त्या वेळी तेवढंच सुचलं. आजही ते आठवलं की कान गरम होतात.

हवालदारांनी डाव्या तोंडावरची कणीक नखानं खरवडली, गोळा करून फडक्यात बांधली. "सायेब, तुमचा मानूस येईल त्याला हितलं पानी खारं लागंल. पीठ जरा जास्त मळाया सांगा," एवढं बोलून पखवाज खांद्याला लावला आणि ते गेले.

तो माणूस आला. बरा होता, सभ्य होता, त्याला बोल लावण्यात मला रस नाही. पण तो आमच्या मोठ्या पेटीवर स्वतःचा डावा हात ऐकून मान डोलावत होता, आणि ती पेटी ज्याच्यामुळं बोलायला लागली तो मलकापुरात उसाला पाणी पाजत होता. मी अण्णांना म्हणालो, कंपनीला लिहा की पहिल्या टेपची चूक आपली होती. त्यांच्या कागदावर 'हात जड' असं राहिलं तर हवालदारांना पुन्हा कोण बोलावणार?

"वेडा आहेस का? आपली चूक आपण होऊन कुणी कळवतं का?"

मग मीच लिहिलं. दोन पानं, सहीपुढं बी. एस्सी., सगळं खरं खरं. पेट्यांचं, कणकेचं, वायरींचं, आणि ती वायर कुणी ओळखली तेही. महिन्यानं उत्तर आलं. अण्णा ते हातात नाचवत आले. चिडायच्या ऐवजी खूश! पत्रात होतं : माहितीबद्दल आभार. क्रॉसओव्हरचा नकाशा व सर्व मापं उलट टपाली पाठवावीत.

हवालदारांबद्दल एक अक्षर नव्हतं.

मी ते पत्र घेऊन एसटीनं मलकापूरला गेलो. हवालदार रानात दारं धरून उभे होते, पाय चिखलात, हातात खोरं. मी बांधावर उभा राहून पत्र वाचून दाखवलं.

"माजं काय लिवलंय त्यात?"

"काही नाही."

त्यांनी एका वाफ्याचं दार बुजवलं, पुढचं फोडलं. पाणी आत शिरेपर्यंत बघत राहिले. "मंग नकाशा धाडलास?"

"नाही. आणि धाडणारही नाही. का म्हणून धाडू? फुकटे, चोर!"

"लय तापू नगंस. धाड." खोऱ्याला लागलेली माती त्यांनी पायानं काढली. "पर ती उलटी वायर लिवाया इसरू नगंस. न्हाई तर तितला बी कोन तरी पखवाजवाला जायाचा घरी."

मी नकाशा काढला. उलट्या वायरीखाली तांबड्या शाईनं दोन रेघा मारल्या आणि शेजारी लिहिलं की ही जोडणी मलकापूरच्या हवालदारांनी कानानं शोधली आहे. नाव, गाव, सगळं. हवालदारांना त्यानंतर कुठल्याही कंपनीनं बोलावलं नाही. ते भजनातच वाजवत राहिले आणि तिथंच थकले.

बऱ्याच वर्षांनी दुसऱ्या कामासाठी मुंबईला त्या कंपनीत जाणं झालं. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत भिंतीवर काचेत लावलेला तो नकाशा दिसला. कुणीतरी ट्रेसिंग पेपरवर नव्यानं, छान काढलेला. खाली साहेबांची सही. माझं नाव नव्हतं, त्याचं काही नाही. पण हवालदारांची ओळही नव्हती. माझा हात काचेवर मारायला वर गेला. मग मी चष्मा लावला आणि आधी मोठ्या स्पीकरची वायर बघितली.

उलटीच होती.